जुन्या हार्ड डिस्कचा सदुपयोग आणि गावाचे दप्तर



पेण तालुका गणेशमूर्तींसाठी सर्वदूर ओळखला जातो. पेण शहर, हमरापूर, जोहे या परिसरातील कारखान्यांत घडलेल्या मूर्ती भाद्रपदापूर्वीच देशात आणि देशाबाहेरही रवाना होतात. या कारखान्यांत एक साधे व्यवहारज्ञान आढळते. मूर्ती भंगली तर हळहळ वाटते, परंतु काम थांबत नाही. कारण साचा शाबूत असला की मूर्ती पुन्हा घडविता येते. साचाच नाहीसा झाला तर मात्र नुकसान भरून निघत नाही. ज्याचा साचा अन्यत्र आहे ते गमावले तरी चालते, ज्याचा साचा कोठेच नाही ते गमावून चालत नाही, असा हा विवेक आहे.

शाळा, ग्रामपंचायती आणि कार्यालये यांच्या कपाटांत पडून असलेल्या जुन्या बाह्य हार्ड डिस्क आणि मागे पडलेले संगणक यांचा विचार करताना हाच विवेक उपयोगी पडतो. या वस्तू टाकाऊ समजून फेकून देणे जसे अयोग्य, तसेच त्यांच्यावर आंधळा भरवसा ठेवणेही अयोग्य. जुन्या डिस्कवर कोणते काम सोपवावे आणि कोणते कदापि सोपवू नये, हे एकदा नीट समजले म्हणजे बिनखर्चाचे एक साधन हाती येते आणि गावाचे दप्तरही सुरक्षित राहते.

कपाटात पडलेले भांडवल

ग्रामीण महाराष्ट्रात संगणक येऊन आता बराच काळ लोटला आहे. २०११ मध्ये ‘संग्राम’ प्रकल्पाद्वारे ग्रामपंचायतींच्या संगणकीकरणाला राज्यात व्यापक चालना मिळाली. पुढे ‘आपले सरकार सेवा केंद्रां’नी ते काम हाती घेतले. २४ एप्रिल २०२० रोजी पंचायत राज दिनाच्या निमित्ताने देशभरातील पंचायतींसाठी ‘ई-ग्रामस्वराज’ ही व्यवस्था सुरू झाली. शाळांमध्येही शासनाच्या योजनांतून आणि लोकवर्गणीतून संगणक आले.

या काळात यंत्रे जुनी झाली. तथापि, संगणक निकामी होण्याचे कारण नेहमी यंत्र झिजणे हेच असते असे नाही. अनेकदा यंत्र चालू स्थितीत असते, परंतु त्यावरील ऑपरेटिंग सिस्टिमला, म्हणजेच कार्यप्रणालीला, निर्मात्याचा आधार उरत नाही. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला आणि विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी. विंडोज १० साठी सर्वांना विनामूल्य मिळणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. त्यानंतरच्या विंडोज ११ साठी किमान ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आवश्यक आहे. शिवाय, २०१७ पूर्वीचे बहुतेक प्रोसेसर तिच्या मान्य यादीत नाहीत. परिणामी, सुस्थितीतील असंख्य संगणक एका तारखेपासून जुने ठरले.

सुरक्षा-दुरुस्ती थांबण्याचा अर्थ खाडीकाठच्या शेतकऱ्याला वेगळा सांगावा लागणार नाही. खारभूमीचा बांध एकदा घातला म्हणून कायमचा टिकत नाही. उधाणाच्या भरतीने त्याला कोठे ना कोठे छिद्र पडते. त्याची वेळीच डागडुजी झाली नाही तर खांड पडून खारे पाणी शेतात शिरते आणि पुढची काही वर्षे भात पिकत नाही. दुरुस्ती थांबलेल्या कार्यप्रणालीचा संगणक इंटरनेटला जोडणे म्हणजे डागडुजी न केलेल्या बांधामागे पेरणी करणे होय.

मुक्त कार्यप्रणालीचा पर्याय

अशा यंत्रांसाठी पर्याय उपलब्ध आहेत. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. संगणकाची प्रणाली प्रत्येकाला वापरता, अभ्यासता, बदलता आणि इतरांना देता यावी, ही त्यामागील भूमिका होती. १९९१ मध्ये फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स हा कार्यप्रणालीचा गाभा प्रसिद्ध केला. या दोहोंच्या संयोगातून डेबियन, फेडोरा, उबुंटू, लिनक्स मिंट अशा अनेक प्रणाली तयार झाल्या. त्यांना परवाना-शुल्क नाही. जगभरचे स्वयंसेवक आणि संस्था त्यांची देखभाल करतात. फ्रीबीएसडी आणि हायकू अशा आणखीही काही पर्यायी प्रणाली आहेत. परंतु मराठीची सोय, शिकविणारी साधने आणि जुन्या यंत्रांशी जुळवून घेण्याची क्षमता यांचा विचार करता शाळा-पंचायतींना लिनक्स अधिक सोयीचे आहे.

आपल्या देशाला हा विषय नवा नाही. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने डेबियनवर आधारित ‘बॉस’, म्हणजे ‘भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्यूशन्स’, ही प्रणाली भारतीय भाषांच्या सोयीसह २००७ मध्ये प्रसृत केली. केरळ राज्याने २००१ मध्ये सुरू केलेल्या ‘आयटी ॲट स्कूल’ उपक्रमातून पुढील काही वर्षांत शाळांमध्ये मुक्त प्रणाली रुजविली. भारत सरकारने २०१५ मध्ये मुक्तस्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. मुंबईच्या आय.आय.टी.ने ‘स्पोकन ट्युटोरियल’ या प्रकल्पाद्वारे लिनक्स, लिब्रेऑफिस आदी विषयांचे छोटे दृक्‌श्राव्य पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध करून दिले. शिक्षकाला हे पाठ एकट्याने पाहून शिकता येतात.

रायगड जिल्ह्याचा अनुभव

या विषयातील एक महत्त्वाचा प्रयोग रायगड जिल्ह्यातच झाला, ही गोष्ट फारशी ज्ञात नाही. अमेरिकेतील निकोलस नेग्रोपाँटी यांच्या पुढाकाराने ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’, म्हणजे प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप, ही चळवळ सुरू झाली होती. तिचा भारतातील पहिला पथदर्शी प्रयोग २००७ मध्ये पेणच्या उत्तरेकडील कर्जत तालुक्यातील खैराट या लहानशा वस्तीतील शाळेत सुरू झाला. एक शिक्षक, एक खोली आणि पहिली ते चौथीची वीस-बावीस मुले असे त्या शाळेचे स्वरूप होते. पेण, सुधागड आणि रोहा या तालुक्यांतील डोंगरवाड्यांवरच्या शाळांशी ते मिळतेजुळते आहे. मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे प्रा. नागार्जुन या प्रयोगाशी संबंधित होते.

मुलांच्या हाती आलेल्या त्या ‘एक्सओ’ यंत्रात हार्ड डिस्क नव्हतीच. ४३३ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, २५६ एमबी स्मृती आणि १ जीबी साठवण एवढीच त्याची शक्ती होती. आजचा साधा मोबाइलसुद्धा याहून कितीतरी पटींनी समर्थ असतो. तरीही त्यावर फेडोरा लिनक्स आणि मुलांसाठी मुद्दाम घडविलेला ‘शुगर’ हा दर्शनी भाग चालत असे. मुले त्यावर लिहीत, चित्रे काढीत, छायाचित्रे घेत. अल्पशक्ती यंत्र हे निरुपयोगी यंत्र नव्हे. त्याच्या शक्तीला साजेशी प्रणाली मिळाली की ते काम देते, हा या प्रयोगाचा पहिला धडा होय.

दुसरा धडा थोडा नंतरचा आहे. ती लॅपटॉप-चळवळ अपेक्षेइतकी पसरली नाही. परंतु ‘शुगर’ टिकले. २००९ मध्ये शुगर लॅब्ज या संस्थेने ‘शुगर ऑन अ स्टिक’ प्रसृत केले. लहानशा यूएसबी साधनावर संपूर्ण प्रणाली आणि मुलाचे स्वतःचे काम एकत्र साठवावे, ते साधन उपलब्ध असेल त्या संगणकाला लावावे आणि तेथूनच संगणक सुरू करावा, अशी ही कल्पना होती. संगणक शाळेचा राहतो आणि साधन मुलाच्या दप्तरात जाते. संगणकाच्या आतील डिस्कला हातही लागत नाही. जुन्या बाह्य हार्ड डिस्कवर मुक्त प्रणाली बसविणे ही याच कल्पनेची मोठी आवृत्ती आहे.

हार्ड डिस्कचे अंतरंग

साधनाचा योग्य वापर करावयाचा तर त्याची रचना माहीत असावी. पहिली व्यापारी हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये तयार केली. तिच्यात सुमारे दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि साठवण होती केवळ पन्नास लाख अक्षरांची. आजची तळहाताएवढी बाह्य डिस्क त्याच्या लाखो पट मजकूर साठविते. परंतु तत्त्व तेच आहे. चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या मिनिटाला बहुधा ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात. त्यांच्या पृष्ठभागापासून केसाच्या जाडीच्या हजारो पट कमी अंतरावरून वाचक-शीर्ष तरंगत असते. चालू डिस्कला धक्का बसला तर शीर्ष तबकडीवर आपटते आणि तेथील मजकूर कायमचा नष्ट होतो. म्हणून डिस्क चालू असताना ती उचलू नये आणि संगणकाला ‘सुरक्षित बाहेर काढा’ अशी आज्ञा दिल्याशिवाय तार ओढू नये.

लहान, म्हणजे अडीच इंची, बाह्य डिस्क यूएसबी तारेतूनच वीज घेते. मोठ्या, साडेतीन इंची, डिस्कला स्वतंत्र वीजजोड लागतो. जुन्या संगणकाचे यूएसबी २.० छिद्र अधिकृतरीत्या ५०० मिलिअँपिअर वीजप्रवाह देते, तर यूएसबी ३.० छिद्र ९०० मिलिअँपिअर देते. वीज अपुरी पडली तर डिस्क सुरू होत नाही किंवा टक-टक आवाज करते. अशा वेळी डिस्क बिघडली असा निष्कर्ष काढण्यापूर्वी छिद्र आणि तार बदलून पाहावी. वेगाचेही तसेच आहे. यूएसबी २.० मधून प्रत्यक्षात सेकंदाला तीस-पस्तीस एमबीच मजकूर वाहतो. त्यामुळे प्रणाली सुरू होण्यास काही मिनिटे लागू शकतात. हे समजून घेतले तर अपेक्षाभंग होत नाही. ३.० प्रकारचे छिद्र बहुधा आतून निळे असते.

डिस्कची प्रकृती पाहण्यासाठी ‘स्मार्ट’ नावाची अंतर्गत नोंदवही असते. लिनक्समधील ‘डिस्क्स’ या साधनातून किंवा ‘स्मार्टसीटीएल’ या आज्ञेने ती वाचता येते. काही बाह्य डिस्कांचे आवरण ही नोंद दाखवू देत नाही, हेही ध्यानात ठेवावे. बदलून वापरलेले खंड आणि दुरुस्तीच्या प्रतीक्षेतील खंड या दोन नोंदी विशेष पाहाव्यात. त्या शून्य असतील तर उत्तम. शून्य नसतील आणि वाढत असतील तर ती डिस्क कोणत्याही कामाला घेऊ नये.

येथे एक इशारा आवश्यक आहे. २००७ मध्ये गूगलच्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कांच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. निकामी झालेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी ‘स्मार्ट’मधील चार प्रमुख लक्षणांपैकी एकही लक्षण आधी दाखविले नव्हते. उलट, तपासणीत पहिला दोष आढळलेल्या डिस्क पुढील साठ दिवसांत निकामी होण्याची शक्यता निर्दोष डिस्कांच्या एकोणचाळीस पट होती. दोष दिसला तर डिस्क नक्की दूर करावी. परंतु दोष दिसला नाही म्हणून ती निर्धोक मानू नये, हे या अभ्यासाचे सार होय. कोकणातील दमट हवा आणि खाऱ्या वाऱ्याने जोडण्या लवकर गंजतात. त्यामुळे हे सार येथे अधिकच लागू पडते.

प्रणाली बसविताना

प्रत्यक्ष काम अवघड नाही. मात्र ते क्रमाने व्हावे. प्रथम जुन्या डिस्कवरील सर्व मजकूर अन्यत्र उतरवून घ्यावा, कारण नवी प्रणाली बसविताना तो पुसला जातो. त्यानंतर चांगल्या संगणकावर प्रणालीची प्रतिमा-फाइल तिच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवावी आणि तिची बेरीज-खूण जुळवून पाहावी. ही फाइल ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर लिहून त्यावरून संगणक सुरू करावा. बहुतेक लिनक्स प्रणाली या अवस्थेत काहीही न बसविता चालवून पाहता येतात. पडदा, ध्वनी, वायफाय आणि छपाईयंत्र चालते की नाही, याची खात्री येथेच करावी. २ ते ४ जीबी स्मृतीच्या संगणकासाठी एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी यांसारखा हलका दर्शनी भाग असलेली प्रणाली निवडावी. फार जुन्या, ३२-बिट संगणकांसाठी पर्याय आता मोजकेच राहिले आहेत. डेबियनच्याही २०२५ मधील १३ व्या आवृत्तीपासून अशा यंत्रांवर प्रणाली बसविण्याची सोय बंद झाली आहे.

सर्वांत जोखमीचा टप्पा डिस्क निवडण्याचा असतो. बसविणारे साधन संगणकातील सर्व डिस्क दाखविते. चुकून आतील डिस्क निवडली गेली तर तिच्यावरील सर्व मजकूर जातो. म्हणून डिस्कचे नाव आणि क्षमता दोनदा ताडून पाहावी. प्रणाली सुरू करणारा ‘बूट लोडर’ बाह्य डिस्कवरच बसत आहे, याचीही खात्री करावी. अन्यथा बाह्य डिस्क काढताच मूळ संगणक सुरू होण्यास अडून बसतो. शक्य असेल तर काम चालू असेपर्यंत आतील डिस्कची जोडणी जाणकाराकडून सोडवून घेणे हा सर्वांत निर्धोक मार्ग होय.

लिनक्सची ‘ईएक्सटी४’ ही मांडणी विंडोज संगणकाला आपोआप वाचता येत नाही. दोन्हीकडे नेण्याच्या फाइलींसाठी डिस्कवर ‘एक्सफॅट’ मांडणीचा वेगळा भाग ठेवावा. जुन्या ‘फॅट३२’ मांडणीत ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही.

कार्यालयीन कामाच्या बाबतीत मर्यादाही स्पष्ट असाव्यात. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, बोटांचे ठसे घेणारे यंत्र आणि काही छपाईयंत्रे प्रत्येक प्रणालीवर चालतीलच असे नाही. म्हणून ज्या संगणकावर पंचायतीची देयके आणि दाखले निघतात, त्यावर प्रयोग करू नये. आरंभ शाळेतील किंवा वाचनालयातील रिकाम्या संगणकापासून करावा.

मराठीचा प्रश्न

नव्या प्रणालीवर मराठी लिहिणे सोपे आहे. युनिकोड, इनस्क्रिप्ट कळफलक आणि देवनागरी अक्षरसंच तीत उपलब्ध असतात किंवा सहज जोडता येतात. अडचण येते ती जुन्या मजकुराची. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या अक्षरसंचांत टंकलेला असे. त्या फाइलींत वस्तुतः रोमन अक्षरांचे संकेत असतात आणि विशिष्ट अक्षरसंच लावला तरच त्यांचे मराठी रूप दिसते. तो अक्षरसंच नसलेल्या संगणकावर ग्रामसभेचे इतिवृत्त उघडले तर निरर्थक चिन्हांची रांग दिसते. ते पाहून फाइल बिघडली असे समजून ती पुसून टाकण्याचा मोह होतो. तसे मुळीच करू नये. अशी फाइल जुन्या संगणकावर उघडून छापून घ्यावी, तिची पीडीएफ प्रत करावी आणि महत्त्वाचा मजकूर परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणून मूळ प्रतीशी ताडून पाहावा. जुना संगणक काढून टाकण्यापूर्वीच हे काम उरकावे. नंतर तो अक्षरसंच मिळेलच याची शाश्वती नसते.

जुन्या डिस्कवर काय ठेवावे?

येथे आरंभीचा साच्याचा विवेक पुन्हा उपयोगी पडतो. ज्याचा साचा अन्यत्र आहे ते सर्व जुन्या डिस्कवर ठेवण्यास हरकत नाही. कार्यप्रणाली पुन्हा उतरवून घेता येते. लिब्रेऑफिस, भूमितीसाठी जिओजेब्रा, आकाशदर्शनासाठी स्टेलॅरियम ही साधने पुन्हा मिळतात. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्याचा संपूर्ण संग्रह ‘किविक्स’ या विनामूल्य साधनाद्वारे इंटरनेटशिवाय वाचता येतो. ज्या वाडीवर मोबाइलचा संपर्क टेकडीवर चढल्यावरच लागतो, तेथील शाळेत हा संग्रह असलेली एक जुनी डिस्क म्हणजे एक छोटे ग्रंथालयच होय. ती उद्या बंद पडली तर दुसरी भरता येते; नुकसान होते ते एका दुपारच्या श्रमाचे.

याउलट, ज्याचा साचा कोठेच नाही ते जुन्या डिस्कवर एकट्याने कधीही ठेवू नये. नमुना ८ ची कर-आकारणी नोंदवही, जन्म-मृत्यूच्या नोंदी, ग्रामसभेची इतिवृत्ते, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, गावाची जुनी छायाचित्रे हा सारा ऐवज या वर्गात मोडतो. दाखल-खारीज रजिस्टरातील एका ओळीवर एखाद्याचा जातीचा दाखला, वयाचा पुरावा आणि शिष्यवृत्ती अवलंबून असते. आदिवासी वाडीवरील कुटुंबापाशी तर अनेकदा दुसरा लेखी पुरावाच नसतो. ती ओळ हरवली तर तिची किंमत त्या कुटुंबाला पुढे कित्येक वर्षे मोजावी लागते.

रायगड जिल्ह्याला हे निसर्गानेही शिकविले आहे. जुलै २००५ ची अतिवृष्टी, ३ जून २०२० रोजी किनाऱ्यावर आदळलेले निसर्ग चक्रीवादळ आणि जुलै २०२१ मधील महाडचा पूर या आपत्ती सर्वांच्या स्मरणात आहेत. निसर्ग वादळाच्या वेळी पत्रे उडाले आणि अनेक गावे दीर्घकाळ विजेविना राहिली. पुराचे पाणी कपाटातील कागद आणि डिस्क यांत भेद करीत नाही. म्हणून महत्त्वाच्या दप्तराच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी, हा संगणक-व्यवहारातील मान्य नियम पाळणे अगत्याचे आहे. दुसरे ठिकाण पंचायत समितीचे कार्यालय किंवा शासनमान्य संगणकीय साठवण असू शकते. मात्र ते एकाच पूररेषेत नसावे. जुनी डिस्क यात फार तर चौथ्या, जादा प्रतीसाठी वापरावी. प्रत ठेवणे एवढ्यानेही काम पुरे होत नाही. दर सहा महिन्यांनी ती उघडून वाचता येते की नाही, हे पाहावे. न उघडलेली प्रत आणि नसलेली प्रत यांत फरक सांगणे कठीण असते.

पुसणे आणि निर्लेखन

जुनी डिस्क शाळेला किंवा अन्य संस्थेला देताना आणखी एक जबाबदारी येते. फाइल ‘डिलीट’ केल्याने मजकूर नष्ट होत नाही. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली तरी पाने राहतात, तसा तो डिस्कवर राहतो आणि साध्या साधनांनी परत काढता येतो. लाभार्थींच्या याद्या, आधार क्रमांक आणि बँक खात्यांचा तपशील असलेली डिस्क तशीच देणे हे नागरिकांच्या विश्वासाला धक्का देणारे आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी संसदेने २०२३ मध्ये स्वतंत्र कायदाही संमत केला आहे. म्हणून हस्तांतरापूर्वी ‘एनवाइप’सारख्या मुक्त साधनाने संपूर्ण डिस्कवर नवा मजकूर लिहून जुना पुसून घ्यावा. मोठ्या डिस्कला यासाठी काही तास लागतात, ते द्यावेत. यापुढे ज्या डिस्कवर वैयक्तिक माहिती ठेवावयाची असेल ती आरंभीच कूटबद्ध करावी. लिनक्समध्ये ही सोय प्रणाली बसवितानाच मिळते. संकेतशब्द मात्र एकाच व्यक्तीच्या स्मरणात राहू नये. तो बंद पाकिटात कार्यालयप्रमुखाच्या ताब्यात असावा.

डिस्क कोणत्याही कामाची उरली नसेल तर तिचे रीतसर निर्लेखन करावे. डेडस्टॉक रजिस्टरात नोंद घ्यावी, सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी आणि ती नोंदणीकृत ई-कचरा प्रक्रियादाराकडेच सोपवावी. ई-कचरा व्यवस्थापनाचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आहेत. मोठ्या प्रमाणावर विद्युत उपकरणे वापरणाऱ्यांवर असा कचरा नोंदणीकृत प्रक्रियादाराकडेच देण्याची जबाबदारी त्यांनी टाकली आहे. लहान शाळा-पंचायतींनीही तोच पायंडा पाळणे श्रेयस्कर. भंगारवाल्याला विकलेल्या डिस्कबरोबर गावाची माहितीही विकली जाण्याचा धोका असतो.

गावपातळीवर काय करता येईल?

यासाठी मोठी योजना किंवा स्वतंत्र निधी लागत नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीने आणि शाळेने एक दिवस कपाटे उघडून डिस्क, पेन ड्राइव्ह आणि बंद संगणक यांची यादी करावी. यादीतील प्रत्येक वस्तूसमोर तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत: तिच्यात काय आहे, त्याची दुसरी प्रत कोठे आहे आणि तिची प्रकृती कशी आहे? ज्या मजकुराची दुसरी प्रत नाही, त्याची प्रत त्याच आठवड्यात काढावी. मगच धडधाकट डिस्क निवडून एका शाळेत प्रयोग सुरू करावा. केंद्रशाळेतील एका शिक्षकाने आणि पंचायतीच्या एका संगणकचालकाने हे काम एकत्र शिकून घेतले तर पुढील शाळांना तेच शिकवू शकतील. वरिष्ठ वर्गांतील मुलामुलींनाही या कामात सहभागी करून घ्यावे. संगणक केवळ वापरणे आणि संगणक उभा करणे यांत जे अंतर आहे, ते अशाच कामातून कमी होते.

पेण तालुक्यातील गागोदे हे आचार्य विनोबा भावे यांचे जन्मगाव. गावाने आपल्या गरजा शक्यतो आपल्या बळावर भागवाव्यात, हा विचार त्यांनी आयुष्यभर मांडला. आपल्या नोंदी आपल्याला वाचता याव्यात, आपले यंत्र आपल्याला दुरुस्त करता यावे आणि दूरच्या कोणा कंपनीने एक तारीख जाहीर केली म्हणून गावाची शाळा संगणकाविना राहू नये, ही त्या विचाराची आजच्या काळातील एक लहानशी पायरी आहे. जुन्या डिस्कवर मुलांनी शिकावे, चुकावे आणि पुन्हा प्रणाली बसवावी. गावाचे दप्तर मात्र तीन प्रतींत जपलेले असावे. एवढी व्यवस्था प्रत्येक गावाने या पावसाळ्यापूर्वी केली तरी पुष्कळ साधले, असे म्हणता येईल.